हार घातलेला सिलिंडर

वस्तू बोलत असत आणि माणसांना ऐकायला सवड नसे, त्या काळातली ही गोष्ट. एका इमारतीच्या जिन्यात आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. दर दसऱ्याला सेक्रेटरी धारपकाका त्याला हळदकुंकू वाहत आणि धारपकाकूंनी ओवलेला झेंडूचा हार घालत. सिलिंडर फुशारून जाई.

एकदा अग्निशमन दलाचे लोक घरोघरी गॅसच्या नळ्या फुकट तपासत आले. त्यांच्यातल्या भोईटेबाईंनी सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा पाहिला. "हा रिकामा झालाय. केंद्रावर आणून द्या, आम्ही भरून देतो."

"दसरा चार दिवसांवर आलाय बाई," काका म्हणाले. "पूजेची वस्तू जागेवरून कशी हलवायची? नंतर बघू."

"अहो, न्या मला! मी पोकळ आहे!" सिलिंडर ओरडला.

काकांनी त्याला नमस्कार केला आणि ते वर गेले.

दसऱ्याच्या दुपारी काकू पुऱ्या तळत असताना कढईतलं तेल पेटलं आणि जाळ पदराला लागला. काकांनी धावत येऊन हार तोडला, सिलिंडर वर नेला, दांडा दाबला. नुसतं फुस्स झालं.

"दगाबाज मेला!" म्हणत काकांनी त्याला जिन्याखालच्या भंगारात फेकलं.

पुढच्या दसऱ्याला तिथूनच त्याने वर पाहिलं. त्याच्या खिळ्यावर नवा सिलिंडर होता. काकूंच्या भाजलेल्या बोटांना आता सुई धरवत नव्हती, म्हणून काकांनी विकतचा हार आणला होता. त्यातलं सगळ्यात मोठं फूल नेमकं काट्यावर आलं.