टाकणखाराची गैरहजेरी

विषय : एनॅमलच्या लेपातून टाकणखारास वगळणेबाबत.

फार पूर्वी एका भट्टीत वाळू, पांढरा रंग आणि टाकणखार मिळून पोलादी पातेल्यांवर लेप चढवीत. एकदा भट्टीचा कारभारी असलेला चिमटा एक तयार पातेले तपासू लागला.

"टाकणखारराव, यात तुम्ही दिसत नाही," तो म्हणाला.

"साहेब, मी वाळूला वितळवतो, लेप पोलादाला चिकटवतो."

"झळकतो मात्र मी!" रंग हसला.

"जे दिसत नाही, ते काम नव्हे," असा शेरा मारून चिमट्याने टाकणखाराला काढले.

"अहो, मी गंजेन!" लेपासाठी रांगेत असलेले पुढचे पातेले ओरडले.

वाळू नीट वितळली नाही. लेपाचे टवके उडाले. रंगाला बढती मिळाली. गंजून त्या पातेल्याच्या बुडाला भोक पडले आहे. टाकणखाराला परत घ्यावे, हा पातेल्याचा अर्ज अजून विचाराधीन आहे.