दिवाणांचा देव

महाराजांनी पेच टाकला की दिवाण भानजीपंत म्हणत, "देवाचा कौल घेऊन येतो." घरी जात आणि अचूक उत्तर घेऊन येत. पंत वारले, तेव्हा तो देव पाहायला महाराज स्वतः त्यांच्या घरी गेले.

पंतांची बायको म्हाळसाबाई म्हणाली, "देव कसला, महाराज? चुलीपाशी बसून मीच उत्तरं सांगत होते."

"अरेरे! आधी कळतं, तर तुम्हालाच दिवाण केलं असतं."

"मग आता करा."

महाराज चाचरले. "बाईमाणूस दिवाण? दरबार काय म्हणेल?"

"पंधरा वर्षं दरबार माझंच तर ऐकत होता. मी देव होते तोवर चालले. आज बाई निघाले, तर चालेना?"

महाराज मान खाली घालून परतले. पुढे राज्य अडलं की त्यांना ते घर आठवे. बोलावणं धाडायचा धीर मात्र मरेपर्यंत झाला नाही.