हलती पायरी आणि चोख पाटी

भाच्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला निघालेल्या इंदूमावशी मंगल कार्यालयाच्या जिन्यात हलत्या पायरीवरून कोसळल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. कार्यालयाचे मालक आबासाहेब तारळेकर धावत आले खरे, पण मावशींना उचलायला नव्हे. त्यांनी जिन्याच्या वरच्या टोकाला लटकणाऱ्या झेंडूच्या माळा बाजूला सारल्या आणि मागची पाटी दाखवली : ‘पायरी हलते. पडल्यास कार्यालय जबाबदार नाही.’

खाली येत ते म्हणाले, "आधी वाचायचं नाही आणि मग रडत बसायचं!"

लगेच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. काका म्हणाले पोलिसांत जा, व्याही म्हणाले ग्राहक मंचात जा आणि वरमाई म्हणाली, शुभकार्यात वाद नको गं बाई. मावशी पार गोंधळून गेल्या. पाटी लावली की पडणाऱ्याचा हक्कच संपतो? मग हात मोडला ही चूकही आपलीच? दुखरा हात पोटाशी धरून त्या पाटीकडे बघत राहिल्या.

"ही पाटी कधी लावलीत हो?"

"गेल्या दिवाळीत! आमचं काम चोख असतं."

"म्हणजे पायरी हलते हे तुम्हाला दिवाळीपासून ठाऊक आहे. मला तर पडल्यावर कळलं. रंगारी बोलावलात, मग गवंडी का नाही बोलावलात? आता कोर्टात दुसरा साक्षीदार कशाला हवा मला!"

आबासाहेबांचा चेहरा पडला. पाटी काढायला ते तरातरा जिना चढू लागले, तोच तीच पायरी डुगडुगली आणि त्यांनी घाबरून कठडा गच्च धरला.

"जपून हो," मावशी खालून म्हणाल्या, "पडलात तर कार्यालय जबाबदार नाही."