शनिवारची धडक, रविवारची धडक

“…पण चूक माझी होती का, तेवढंच सांगा ना, उस्ताद!”

एका गाडीचं बॉनेट दोन्ही हातांनी वर धरून हसन मुजावर उभे होते.

गाडी केतकीची नव्हती. दुपारी केतकीनं धडक देऊन जी गाडी ट्रॅकच्या कडेच्या वाळूत घालवली होती, ती ही. तिच्या प्रतिस्पर्ध्याची, अरुळची.

केतकी इंगवले सांगलीच्या एका टीमसाठी गाडी चालवायची. आपण रोज रस्त्यावर पाहतो तशाच गाड्या, पण आतली गादी-बिदी सगळी काढून, इंजिन नव्यानं बांधून शर्यतीला उतरवलेल्या. या शर्यतीत गाड्या एकमेकींना घासतात, ढुशा देतात, दारं चेपतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. हसन मुजावर मिरजेचे. एके काळी स्वतः शर्यती गाजवलेले, आता या टीमचे उस्ताद. स्टिअरिंग कसं धरायचं इथपासून केतकी त्यांच्याकडे शिकली होती.

मोसमातला हा शेवटचा शनिवार-रविवार. दक्षिणेतला ट्रॅक, डोकं तापवणारं ऊन, आणि अजिंक्यपदासाठी केतकी आणि कोइमतूरचा अरुळ अगदी बरोबरीत. शनिवारी एक शर्यत, रविवारी दुसरी, दुप्पट गुणांची, आणि मग निकाल.

शनिवारी शेवटच्या फेरीत अरुळ पुढे होता. गॅरेजांच्या अलीकडच्या लांब वळणावर त्याची गाडी आणि वळणाची आतली कड यांच्यामध्ये जरा फट दिसली आणि केतकीनं आपल्या गाडीचं नाक घुसवलं. धाडकन आवाज झाला. अरुळची गाडी गरगरत वाळूत गेली. केतकी जिंकली.

पंचांनी व्हिडिओ पाहिला. म्हणाले, शर्यतीत असं व्हायचंच, दोष कुणाचाच नाही. टीमनं तिला खांद्यावर घेतलं, फोटो झाले. त्या सगळ्या गर्दीत उस्ताद कुठे दिसेनात. शोधत शोधत आली, तर हे इथे. अरुळच्या गॅरेजात.

“पंच म्हणाले, दोष कुणाचाच नाही,” ती म्हणाली.

“मग झालं की.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी बॉनेट धरलंय.”

“ते दिसतंय मला. तुम्ही आपल्या टीमचे ना? मग यांचं कशाला…”

“टेकू तुटलाय त्याचा. आत या लोकांचे हात आहेत.”

केतकीला हसावं का रडावं कळेना. आतली पोरं पाना फिरवत होती. कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

मग उस्तादांनीच विचारलं, “त्या वळणावर काय दिसत होतं तुला?”

“जागा. आत घुसायला जागा होती.”

“आणि?”

“आणि काय? जागा होती म्हणून घुसले.”

“हं…”

बस, एवढंच.

त्या ‘हं’नं तिचा पिच्छा सोडला नाही. चूक होती म्हणाले असते तर ती भांडली असती. चूक नव्हती म्हणाले असते तर निवांत जेवली असती. हे काय मधलंच? रात्री ताटातली इडली चिवडत तिनं यशोधन पाटणकरला विचारलं. यशोधन टीमची दुसरी गाडी चालवायचा.

“उस्ताद रागावलेत का रे माझ्यावर?”

“रागावले की ते बडबडतात. गेल्या वर्षी मला तासभर झाडलं होतं.”

“आज तर गप्पच आहेत.”

“मग मलाही नाही सांगता येणार बुवा,” यशोधन म्हणाला. “तू उद्याचं बघ. मी मागे राहून तुला सांभाळतो. कुणाला जवळ येऊ देत नाही.”

रविवारी शर्यत सुरू झाली तशी केतकी पुढे निघाली. मागे यशोधन, शब्दाला जागून, तिच्या गाडीला चिकटून. पण अरुळची गाडी रात्रीतून अशी काही दुरुस्त झाली होती की बघत राहावं. एकेकाला मागे टाकत तो आला. यशोधनला चकवून पुढे झाला. आणि शर्यत संपत आली असताना, त्याच लांब वळणावर, तो केतकीच्या बाजूला आला.

वळण संपता संपता समोर गॅरेजांची भिंत दिसते. भिंतीमागे उस्तादांची पांढरी टोपी होती.

केतकीच्या मनात आलं, आता हे काय म्हणतील?

आणि तिचा पाय ब्रेकवर गेला. जिथे कुणीही ब्रेक दाबत नाही, तिथे.

अरुळ सुसाट पुढे गेला. मागून यशोधन येऊन सरळ तिच्यावर आदळला. दोन्ही गाड्या भिंतीला घासत गेल्या, दोघींचा चेंदामेंदा झाला.

केतकीला खरचटलंही नाही. यशोधनचं मनगट मोडलं.

डॉक्टरांच्या तंबूत त्याच्या हाताला पट्ट्या बांधत होते. तो तिच्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तू ब्रेक का दाबलास गं?”

बाहेर टाळ्या चालल्या होत्या. अरुळ अजिंक्य झाला होता.

उस्ताद गॅरेजच्या मागे, सावलीत, टायरच्या उतरंडीवर बसले होते. शेजारी चहाचा थर्मास. केतकी आली ती हेल्मेट जमिनीवर आपटतच.

“काल ब्रेक दाबला नाही, तर एक जण वाळूत गेला. आज दाबला, तर दुसऱ्याचा हात मोडला! काल जिंकले, तर तुमच्या तोंडून शब्द नाही. आज तुमच्यासाठी ब्रेक दाबला, तर हे असं…”

“माझ्यासाठी?”

“मग कुणासाठी?”

“मी कुठे होतो गाडीत?”

“भिंतीमागे होतात. टोपी दिसली मला.”

उस्तादांनी टोपी काढली. उलटसुलट करून पाहिली, जणू तिच्यात काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग ती मांडीवर ठेवली.

“अरुळ दिसला का?”

“बाजूला काहीतरी आलं, एवढं कळलं.”

“यशोधन?”

केतकीनं आरसा आठवून पाहिला.

यशोधनची गाडी पहिल्या फेरीपासून तिच्या आरशात होती. शेवटी अरुळ मध्ये आला तेवढे काही क्षण सोडले, तर आरसा सगळा त्याच गाडीनं भरला होता. ती गाडी आपण पाहिली होती का, हे तिला काही केल्या आठवेना.

ती टायरशेजारी जमिनीवर बसली. राग कुठे गेला कळलं नाही. त्याच्या जागी काय आलं, तेही कळत नव्हतं.

“मग मी करायला काय हवं होतं, उस्ताद?” आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “दाबायचा, की नाही दाबायचा? एकदाच सांगा. मी तसं करेन. शपथेवर सांगते, तसंच करेन.”

उस्तादांनी थर्मास उघडला.

दोन पेल्यांत चहा ओतला. एक तिच्या हातात दिला. ती तो ओठाला लावणार, तोच त्यांनी दुसराही तिच्यापुढे धरला.

“दोन्ही मलाच?”

“एक अरुळला नेऊन दे. एक यशोधनला.”

केतकी दोन्ही हातांत पेले घेऊन उभी राहिली. चहा हिंदकळून बोटांवर सांडला. चटका बसला, तरी तिनं पेले सोडले नाहीत.

“त्यांना काय सांगू? माफी मागू?”

उस्तादांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

“काही बोलू नकोस. कोण आहेत, तेवढं बघून ये.”