सात बुड्या आणि अकरा अंडी

एका राज्यात सात वर्षं कोंबडा आरवला नव्हता. सूर्य रोज उगवत होता, पण लोकांना वाटे, हा न बोलावता आला.

पूर्वी तसं नव्हतं. घरोघरी खुराडं होतं, तळ्याकाठी बदकांच्या रांगा होत्या. लेक सासरी निघाली की तिच्या डोलीमागे टोपलीतून एक तलंग, म्हणजे नुकती वयात आलेली कोंबडी जाई. पाहुणा आला की आधी पाणी, मग अंगणातली नवी पिल्लं, मग जेवण. त्या राज्याला हिऱ्यांची खाण नव्हती, चंदनाचं वन नव्हतं. तरी शेजारच्या राज्यांतली माणसं म्हणत, "कोंबडी घ्यावी तर तिथली."

मग भद्रसेन राजाला रोजच्या मेजवान्यांचा नाद लागला, आणि मेजवान्यांना अंडी हवीत. खुडूक झालेली कोंबडी अंडी पोटाखाली घेऊन एकवीस दिवस बसते आणि तेवढे दिवस नवं अंडं देत नाही. म्हणून लोक कधीमधी तिला गार पाण्यात एक बुडी देऊन तिचं बसणं मोडत. राजाने हुकूम काढला, "एक नव्हे, सात बुड्या द्या. माझ्या राज्यात एकही कोंबडी बसता कामा नये."

त्याच आठवड्यात एका अंगणात एक अनोळखी पांढरी कोंबडी येऊन बसली होती. ती कोंबडी नव्हती, चेटकीण होती. वर्षातून एकदा कोंबडी होऊन ती आपली पिल्लं काढत असे. तिला उचललं आणि विहिरीच्या पाण्यात सात वेळा बुडवलं. तिची अंडी गार पडली. सातव्या बुडीनंतर ती माणसाच्या आवाजात बोलली:

"राजाला अंडी हवीत, पिल्लं नकोत. तसंच होवो. या राज्यात उबवायला ठेवलेलं प्रत्येक अंडं एकविसाव्या सकाळी रत्न होईल. माझं जे मोडलंत, ते तुमच्यापैकी कोणी पुरं करेल, तेव्हाच हे सुटेल."

एवढं बोलून ती उडून गेली. त्याच दिवशी राज्यातल्या सगळ्या कोंबड्यांचं आरवणं थांबलं.

राजाला शाप ऐकून आनंदच झाला. त्याने बुड्यांचा हुकूम मागे घेतला आणि दिसेल त्या पक्ष्याला अंड्यांवर बसवलं. कोंबडीच्या अंड्याचा माणिक होई, बदकाच्या अंड्याचा पाचू. दर एकविसाव्या सकाळी शिपाई तबक घेऊन येत आणि रत्नं नेत. खजिना भरला. खुराडी रिकामी होत गेली, कारण म्हाताऱ्या कोंबड्या मरत होत्या आणि पिल्लू कुठलंच जन्माला येत नव्हतं.

अशा राज्यात सगुणा परत आली.

सात वर्षांपूर्वी ती सात डोंगरांपलीकडच्या गुरुकुलात शिकायला गेली होती. निघताना तिच्या ओंजळीत कालच जन्मलेलं एक पिल्लू होतं, ते तिने आपल्या राही आत्याच्या हातात दिलं होतं. आता ती ताऱ्यांची गती शिकून आली होती, औषधी शिकून आली होती, पाखरांची भाषा शिकून आली होती. वाटभर तिच्या डोळ्यांसमोर आत्याचं अंगण होतं, चाळीस कोंबड्यांचं. फाटक उघडलं तेव्हा अंगणात एक कोंबडी होती आणि एक मुका कोंबडा.

"बाकीच्या कुठं गेल्या, आत्या?"

"गेल्या," राही आत्या म्हणाली. "ही कवडी. तू दिलेलं पिल्लू. राज्यातली शेवटची कोंबडी आहे ही. आणि तो सरदार, शेवटचा कोंबडा. पाय धू आधी."

कवडीच्या अंगावर कवड्यांसारखे ठिपके होते. सगुणाने तिला विचारलं, "तू बसशील का?"

"सहा वेळा बसले," कवडी म्हणाली. "सहाही वेळा एकविसाव्या सकाळी हात आला आणि पोटाखालचं सगळं घेऊन गेला. आता नाही."

रात्री आत्याने शापाची हकिकत सांगितली, आणि सगुणाला रात्रभर वाटत राहिलं, इतकं शिकले ते याच अंगणासाठी. सकाळी तिने कंबर कसली. शापाच्या वेळी जाणतं असलेलं एकच पाखरू राज्यात उरलं होतं. ती तळ्यावरच्या म्हाताऱ्या बदकिणीकडे गेली.

बदकीण पंख चोचीने साफ करत होती. "गुरुकुलातून आलीस म्हणे. बदक किती दिवस बसतं, सांग."

"एकवीस."

"कोंबडी एकवीस. बदक अठ्ठावीस. सात वर्षं शिकलीस आणि एवढं ठाऊक नाही?"

सगुणा लाजली. "शिकवलं नाही. आता विसरणार नाही. शाप कसा सुटेल, आजी?"

"तीन कामं कर. एक, बसणारी कोंबडी मिळव, तिच्या खुशीने. दुसरं, जिवंत अंडं ओळख. तिसरं, बसणं संपलं असं सगळे म्हणतील तेव्हा उठू नकोस."

"उठायचं कुठून?"

"ते तेव्हा कळेल," बदकीण म्हणाली आणि पाण्यात शिरली.

सगुणाने पहिलं काम हाती घेतलं. दाणे टाकले, गाणी म्हटली, मऊ पेंढ्याचं डालगं विणलं. कवडी फिरकली नाही. शेवटी सगुणा आत्याला म्हणाली, "पांढऱ्या कोंबडीला बुडवलं ती विहीर कोणती?"

राही आत्याने सुपातले दाणे तसेच खाली ठेवले. "ही आपलीच. आणि बुडवणारे हात हेच. राजाचा हुकूम होता. सगळेच बुडवत होते. पण माझ्या अंगणात आश्रयाला आली होती ती."

सगुणाने कवडीला विहिरीच्या काठावर ठेवलं आणि स्वतः पायऱ्या उतरून त्या गार पाण्यात सात वेळा बुडी मारली. प्रत्येक बुडीला छातीतली ऊब एकेक घास निघून गेल्यासारखी वाटली. काठावर आली तेव्हा दात वाजत होते.

"दूरदेशी हेच शिकवतात का गं?" आत्या पंचा शोधत ओरडली.

"कवडी," सगुणा म्हणाली, "तुझ्या पोटाखालचं एकही जिवंत अंडं या वेळी कोणी उचलणार नाही. माझा शब्द."

कवडीने तिला मान वाकडी करून पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग चालत जाऊन डालग्यात बसली.

दुसरं काम आत्याने शिकवलं. कवडीची अंडी आत्याने आधीपासून राखेच्या टोपलीत, टोक खाली करून जपून ठेवलेली होती. त्यातली पंधरा डालग्यात ठेवली. सात दिवसांनी दुपारी कोठीची दारं लावून आत्याने दिवा लावला आणि एकेक अंडं ज्योतीसमोर धरलं.

"हे बघ. आत लाल कोळी दिसतो का, पाय पसरलेला? तो जीव. आणि हे बघ, नुसतं पिवळं. हे काढ."

सगुणाने ग्रहणं पाहिली होती, शेपटीचे तारे पाहिले होते. त्या लाल कोळ्यासारखं काही तिने पाहिलं नव्हतं. चार अंडी काढली. अकरा उरली.

"विषम उरली," आत्या म्हणाली, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं. "चांगलं झालं. जोडीने ठेवू नयेत."

दिवस गेले. कवडी रोज एकदाच उठे, दाणे टिपे, पाणी पिई, अंग झटके आणि धावत परत येई. सरदार डालग्याशी पहारा करी. आणि एकविसावी सकाळ झाली.

शेवटची कोंबडी, शेवटची रत्नं. म्हणून या वेळी भद्रसेन राजा स्वतः आला होता. मागे शिपाई, शिपायाच्या हातात तबक. त्यांच्या डोळ्यांदेखत पेंढ्यात लाल उजेड पसरला. अकरा अंड्यांचे अकरा माणिक झाले. कवडी उभी राहिली. तिची मोजणी संपली होती. कोंबडीला एकवीसच्या पुढे मोजता येत नाही.

"झालं," राजा म्हणाला. "उचला."

सगुणाने एक माणिक कानाला लावला. आत काहीतरी धडधडत होतं, फार हळू, गारठून गेल्यासारखं. तिला विहिरीतला गारठा आठवला. एक बुडी, एक घास ऊब. सात बुड्या. एकवीस आणि सात. अठ्ठावीस.

"महाराज, थांबा. ही अंडी मेलेली नाहीत, मागे पडलेली आहेत. एका बुडीने एक दिवस. यांना अजून सात दिवस बसायला हवं."

"कोंबडी उठली."

"कोंबडी उठली. मी बसते."

शिपाई हसले. एक म्हणाला, "बाईसाहेब, अंडंही द्याल का?"

"तू तबक खाली ठेव," राही आत्या त्याला म्हणाली, "हात दुखतील. सात दिवस उभं राहायचंय."

राजाने विचारलं, "आणि पिल्लं निघाली नाहीत तर?"

"माणिक सात दिवसांनी नासत नाहीत, महाराज. तेव्हा न्या. मला राज्याबाहेर घालवा."

"तसंच होईल. ही कोंबडीही मुदपाकखान्यात जाईल."

सगुणाने कवडीकडे पाहिलं. कवडी म्हणाली, "तू शब्द दिला आहेस." मग सगुणा पेंढ्यावर बसली, अकराही माणिक पोटाशी घेतले आणि वरून गोधडी ओढली.

कवडी रोज उठे तेवढाच वेळ ती उठे, एकदाच. तेवढा वेळ आत्या बसे. दिवसातून तीनदा सगुणा माणिक फिरवी, म्हणजे आतला जीव एका बाजूला चिकटू नये. रोज दुपारी म्हातारी बदकीण तळ्यातून ओल्या छातीने चालत येई आणि माणकांवर पाणी झटके.

"अठ्ठावीसवाल्यांना ओल लागते," ती म्हणे. "याच पाण्याने बिघडलं, याच पाण्याने होऊ दे."

तिसऱ्या दिवशी पाय बधिर झाले. पाचव्या दिवशी राजाने निरोप पाठवला: आता उठलीस तर शिक्षा माफ, माणिक तेवढे द्यायचे. आत्याने गोधडीच्या कडेकडे पाहिलं, मग पोरीच्या सुकलेल्या तोंडाकडे.

"ऊठ गं बाई. झालं एवढं पुष्कळ झालं."

आता सगळेच तसं म्हणू लागले होते. सगुणा उठली नाही.

अठ्ठाविसाव्या सकाळी राजा आला, तबक आलं, अख्खं गाव कुंपणाला लागलं. सगुणाने गोधडी सारली. माणिक तसेच लाल, तसेच गप्प. राजाने शिपायाला खूण केली. शिपाई वाकला, आणि तसाच थांबला.

"महाराज, आतून कोणीतरी ठोकतंय."

पहिल्या माणकाला तडा गेला. आतून एक ओलं, चुरगळलेलं, रागावलेलं पिल्लू बाहेर आलं आणि शिपायाच्या बोटाला चोच मारली. मग दुसरं. मग एकदम चार. अकरावं निघालं तेव्हा सरदार कुंपणावर चढला, मान ताणली, आणि सात वर्षांचं साचलेलं एका दमात आरवला. कुंपणापलीकडची म्हातारी माणसं रडू लागली. पोरांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. ती टाळ्या वाजवत सुटली.

राजा खाली मातीत बसला. "माझ्या खजिन्यात अशी किती आहेत..." तो म्हणाला. "ती मेली असतील का?"

"शाप थांबवतो, मारत नाही," बदकीण म्हणाली, आणि सगुणाने ते राजाला सांगून पुढे म्हटलं, "माणकांना सात दिवस. पाचूंना चौदा द्या. बदकांचे सात एकविसाव्या दिवशी राहिलेच होते, त्यात बुड्यांचे सात."

त्या दिवशी खजिना उघडला. रत्नं टोपल्यांतून घरोघरी गेली. कोंबडी एकच, रत्नं ढीगभर. म्हणून माणसं बसली. सुतार बसला, कुंभारीण बसली, सेनापती बसला. राजा राही आत्याच्या अंगणात आला आणि नम्रपणे म्हणाला, "मी कुठं बसू?"

"आधी मुकुट काढा," आत्या म्हणाली. "अंड्याला लागेल."

सात दिवस त्या राज्यात कोणी मोठ्याने बोललं नाही. आठव्या सकाळी किलबिल सुरू झाली ती आणखी सात दिवस चालली. शेवटच्या पाचूंमधून बदकाची पिल्लं निघाली आणि सरळ तळ्याच्या दिशेने चालू लागली. पुढच्या वर्षी शेजारच्या राज्यांतले लोक पुन्हा रिकाम्या टोपल्या घेऊन आले. त्यांना पहिली जोडी सगुणाच्या हातून मिळाली, आणि जोडीबरोबर मोजणीही: कोंबडीचे एकवीस, बदकाचे अठ्ठावीस, आणि बसणारीला कोणी बुडवायचं नाही. दूर शिकायला गेलेली पोरं परत आली की या अंगणात एक महिना राहत. कोंबडीशेजारी बसत.

एका सकाळी आत्याच्या अंगणात पेंढ्यावर एक पांढरी कोंबडी येऊन बसलेली होती. कोणीच तिला नाव विचारलं नाही. राही आत्या विहिरीवर गेली, पाणी काढलं, आणि तिच्यासमोर ठेवलं. या वेळी वाटीत.

पांढरी कोंबडी पाणी प्यायली. राही आत्याचं अंगण उजाडलं, तसं ऐकणाऱ्या सगळ्यांचं उजाडो.