बोलणीचा कातळ

थांबा मंडळी. आल्या आल्या हात जोडायचे नाहीत, इथली ती रीत नाही. आधी नीट बघा. गुहेच्या तोंडाशी हा काळा कातळ उंच, आणि त्याच्यासमोर येसनाथांचं आसन मात्र कमरेइतक्या खड्ड्यात. सगळीकडं गुरू वर बसतो, इथं तो खाली का, हे विचारायच्या आधीच लोक मोबाइल काढतात. शांती शोधायला आलोय म्हणतात. शांती! अहो, ही रागाची जागा आहे. म्हणून तर ह्याला बोलणीचा कातळ म्हणतात. मी इथला गुरव. माझ्या आजानं सांगितलं तसं सांगतो.

असं सांगतात, की खाली माळवंडी गावात येसा नावाचा साळी राहायचा. हात कसबी, पण मन थाऱ्यावर नाही. बापाला जळताना बघितलं तेव्हापासून त्यानं एकच धरलं होतं, की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचं. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट पुढं आहे. एका संध्याकाळी अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच टाकून तो उठला आणि डोंगराची वाट चालू लागला. घरात आंधळी आई होती, बायको भिवरा होती. दोघींपैकी एकीलाही तो बोलला नाही.

डोंगरावर तेव्हा एक वृद्ध नाथजोगी होते. त्यांनी त्याला दीक्षा दिली, श्वास आवरायला शिकवलं. येसा चिवट निघाला. जोगी गेल्यावर त्यांच्या उंच आसनावर तोच बसला आणि येसाचा येसनाथ झाला. शिष्य जमले. एकच गोष्ट त्याला छळायची. डोळे मिटले की भिवरा दिसायची, अंगाला हळद लागलेली, नव्या नवरीसारखी लाजून हसणारी. तो म्हणायचा, हीच माझी वासना, हीच माया. हिला जिंकलं की मी सुटलो. ती रोज यायची, तो रोज तिला परतवून लावायचा आणि डोळे उघडून शिष्यांना सांगायचा, "आज पुन्हा जिंकलो." शिष्य जयजयकार करायचे.

खाली भिवरा मागावर बसली होती. बाईनं माग चालवलेला गावाला रुचला नाही, पण गाव काही तिच्या घरी दाणे टाकायला येत नव्हतं. ती विणायची, रांधायची, सासूला घास भरवायची. दार वाजलं की म्हातारी विचारायची, "येसा आला का गं?" भिवरा म्हणायची, "येतील हो, आत्या." वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यात म्हातारी गेली. मुलगा जिवंत असताना दुसऱ्यानं अग्नी द्यायचा नाही, म्हणून कुणी तिरडीला हात लावेना. शेजारचा कोंडाजी धापा टाकत वर आला आणि त्यानं निरोप सांगितला. येसनाथानं डोळे उघडले नाहीत. म्हणाला, "देह म्हणजे माती. मातीला कोण मुलगा आणि कोण आई? जाऊन सांग, ही सगळी माया आहे."

कोंडाजीनं खाली येऊन शब्दाला शब्द सांगितला. प्रेत अंगणात उन्हात पडलेलं होतं. भिवराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिनं मडकं उचललं, ती पुढं झाली, तेव्हा कुठं चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, आणि तिनं सासूला स्वतः अग्नी दिला. गाव बघत राहिलं. मग तशीच, ओल्या लुगड्यानिशी, ती डोंगर चढू लागली.

वाटेत शिष्य आडवे आले. "बाईमाणसाला वर जाता येत नाही, महाराज ध्यानात आहेत." तिनं म्हणे नुसतं बघितलं, आणि ते बाजूला झाले.

ती येऊन ह्या कातळावर उभी राहिली. भर दुपार, पायाखाली तवा तापलेला. चाहूल लागली तसा येसनाथ मिटल्या डोळ्यांनी शिष्यांना म्हणाला, "आली बघा माया. आज तर पायही वाजवतेय."

तोवर भिवरानं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिनं घेतलं.

"येशा! डोळे उघड! मी माया? तुझ्या आईची घाण काढली ती मायेनं? रात्रंदिवस तुझं नाव घेत होती ती. तिला मघाशी चूड लावली ह्या हातांनी. हात खोटे, तर ती जळली कशी? तुला सुटायचं होतं ना? मग सांगून सुटायचंस. तू सुटलास आणि मला वाटेकडं डोळे लावून बांधून ठेवलंस. दुसऱ्याच्या गळ्यात दोर अडकवून मिळतो तो कसला रे मोक्ष?"

ऊन कलेपर्यंत ती बोलत होती म्हणतात. तळव्यांना फोड आले, पण ती हलली नाही. शेवटी येसनाथानं डोळे उघडले. समोर एक बाई होती. केस पांढरे, गालफडं बसलेली, सुतानं कापलेली बोटं, तोंडावर चितेची राख.

तो म्हणाला, "बाई, तू कोण?"

आणि बोलता बोलताच त्याचं त्याला कळलं. जिला तो रोज जिंकत होता ती बाई जगात कुठं नव्हतीच. त्यानंच तिला घडवलं होतं, त्यानंच सजवलं होतं, त्यानंच हरवलं होतं. माया होती ती, आणि ह्याच्याच डोक्यात नांदत होती. खरी भिवरा त्यानं एकदाही पाहिली नव्हती. सगळं सोडलं म्हणणाऱ्या माणसानं सुटकेची हाव तेवढी पोसून लठ्ठ केली होती.

तो धडपडत खाली उतरला, तिच्या पाया पडायला वाकला. "भिवरा, मी घरी येतो."

ती मागं सरकली. "कशाला? आता तुला क्षमा हवी झाली. मी काही मागायला आले नव्हते, येशा. होतं ते सगळं बोलून झालं. आता मला तुझी वाट नाही, आणि तुझा रागही नाही. तू राहा इथंच." आणि ती डोंगर उतरून गेली. पुढं पुष्कळ वर्षं तिनं माग चालवला. त्याच्याविषयी बरं-वाईट काही तिच्या तोंडून परत कुणी ऐकलं नाही.

येसनाथानं त्याच दिवशी उंच आसन फोडलं आणि छिन्नी घेऊन हा खड्डा खणला. मरेपर्यंत तो त्यातच बसला. त्याची समाधी ती पलीकडं, वर्गणी काढून संगमरवर बसवलाय. भिवराचा साधा दगडसुद्धा कुठं नाही! दोघांतलं सुटलं कोण, असं मी लहानपणी आजाला विचारलं होतं. तो खवळून म्हणाला, "तुला कान आहेत ना?"

आजही इथं दीक्षा मागायला येणाऱ्यानं घरचं माणूस बरोबर आणावं लागतं. ते माणूस कातळावर चढतं आणि मनात असेल ते बोलतं. कुणी अडवायचं नाही, आणि ऐकणाऱ्यानं डोळे मिटायचे नाहीत. मागल्या चैत्रात शहरातून एक जण आला, शिकलेला, भगवी वस्त्रं आधीच शिवून आणलेली. बरोबर बायको होती. ती कातळावर चढली. बोलू लागली ती थांबेना. ऐकता ऐकता त्यानं मान खाली घातली, तशी ती पाय आपटून ओरडली, "वर बघ!" खालच्या कुरणातली गुरं चरायची थांबली.

त्याला दीक्षा मिळाली का, हे मला सगळे विचारतात. तिचं पुढं काय झालं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.