पाठमोरा वाटाड्या

एकदा चार मित्रमैत्रिणींनी मिळून आपल्या वृद्ध प्राध्यापकांना गळ घातली, की ज्या पर्वतांच्या गोष्टी सांगत तुम्ही आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवलेत, ते पर्वत आता आम्हाला प्रत्यक्ष दाखवा. चौघेही आता चाळिशीला टेकले होते. कॉलेज सुटून वर्षे लोटली होती, खडकांशी कोणाचाच संबंध उरला नव्हता. पण सरांशी मात्र टिकून होता.

सर तरुणपणी हिमालयापलीकडच्या त्या कोरड्या, उघड्या डोंगरांत सर्वेक्षणासाठी पुष्कळ हिंडले होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. एकच अट घातली. डांबरी रस्ता जिथवर टाळता येईल तिथवर टाळायचा, तंबूत झोपायचे आणि आपला स्वयंपाक आपण करायचा. चौघांनी ती आनंदाने मान्य केली.

गाडी यशोधनची होती. मोठ्या चाकांची, जुनी पण दणकट जीप. तो स्वतः ती फार चांगली चालवीत असे आणि हे त्याला ठाऊकही होते. मंजिरी दातांची डॉक्टर होती. औषधांची पेटी आणि सगळ्यांच्या तब्येती तिच्या ताब्यात. जयसिंगला गाडी चालवता येत नसे, पण तंबू ठोकण्यापासून पिठले रटरटवण्यापर्यंत बाकी सारे येत असे. आणि चौथी हेमांगी. तिने पहाडात गाडी चालवायला याच प्रवासात सुरुवात केली होती. यशोधन दमला की ती गाडी हाती घेई.

त्या मुलखात रस्ता म्हणजे बहुधा केवळ एक अंदाज असतो. कधी ओढ्यातून जायचे, कधी गोट्यांच्या पात्रातून, कधी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. अशा प्रत्येक अवघड जागी सर खाली उतरत, गाडीच्या समोर तोंड करून उभे राहत आणि हातांनी खुणा करीत. डावीकडे, थोडे उजवीकडे, थांब, ये. हेमांगी त्या खुणांबरहुकूम इतकी अचूक गाडी आणी, की यशोधनही कौतुक करी. हळूहळू तिला सरांच्या हाताचीही गरज उरली नाही. त्यांची भुवई जरा वर गेली की ती ब्रेक दाबी, चेहरा सैलावला की पुढे सरके. एकदा जेवताना ती अभिमानाने म्हणाली, की सर समोर असतील तर मी गाडी कुठेही नेईन. बाकीचे हसले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

दिवस फार सुंदर चालले होते. आणि मग एका उंच पठारावर यशोधन आजारी पडला.

आदल्या दिवशी त्याचे डोके दुखत होते, पण ते त्याने कोणाला सांगितले नाही. सकाळी तंबूतून बाहेर येताना त्याचा तोल गेला. उलट्या सुरू झाल्या. ओठ निळसर दिसू लागले आणि साध्या प्रश्नाचे उत्तरही तो भलतेच देऊ लागला. मंजिरीने त्याला तपासले आणि सरांना बाजूला नेऊन सांगितले, की मी दातांची डॉक्टर असले तरी एवढे मला कळते. हा विरळ हवेचा त्रास आहे आणि याला आजच्या आज खाली नेले नाही, तर तो हाती लागणार नाही.

खाली जायचे कसे, हा प्रश्न होता. आलेल्या वाटेने परतायचे, तर आधी त्याहूनही उंच खिंड पुन्हा चढावी लागणार होती. उचलून न्यायचे, तर वाटेतच अंधार पडला असता. तिसरा मार्ग फक्त सरांना माहीत होता. पठाराच्या कडेवरून एक जुनी वाट थेट दरीतल्या गावात उतरत होती. एके काळी ती खेचरांसाठी खोदली गेली, पुढे जीपसाठी थोडी रुंद केली गेली आणि नंतर कोणीच वापरीना, म्हणून तशीच पडून राहिली. खालच्या गावात दवाखाना होता.

सर आधी एकटे जाऊन ती वाट पाहून आले. परतले तेव्हा त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी प्रत्येकाला काम नेमून दिले. मंजिरीने यशोधनला धरून मागच्या सीटवर बसायचे. जयसिंगने गाडीच्या मागोमाग चालायचे आणि गाडी थांबली की चाकाखाली दगड सरकवायचा.

"उताराची माती आणि दगड मलाच वाचायला लागतील," सर हेमांगीला म्हणाले. "मी पुढे चालतो. गाडी तू घे."

हेमांगीने मान डोलावली. मनात ती म्हणाली, सर समोर आहेत, मग काळजी कसली.

वाट सुरू झाली आणि सर गाडीपुढे चार पावलांवर गेले. पण ते वळले नाहीत. त्यांनी गाडीकडे पाठ केली, काठी टेकली आणि उताराने चालू लागले. हेमांगीला वाटले, पहिल्या वळणावर वळतील. पहिले वळण आले. सरांनी काठीने कडेची माती ठोकून पाहिली, एक सुटा दगड पायाने दरीत लोटला आणि ते तसेच पुढे चालत राहिले. खूण नाही, शब्द नाही. समोर दिसत होती ती फक्त त्यांची राखाडी स्वेटरमधली, जराशी वाकलेली पाठ.

तिने हॉर्न वाजवला. सर वळले नाहीत.

त्या क्षणी तिला त्यांचा विलक्षण राग आला. मागे मित्र कण्हत आहे, बाहेरच्या चाकाखालून खडे घरंगळत आहेत, आणि ज्यांच्या भरवशावर आपण गाडी हाती घेतली, त्यांनीच पाठ फिरवावी. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मधल्या वळणावर वाट फारच अरुंद झाली. आतल्या बाजूने कड्याचा एक खडक पुढे आलेला, बाहेरची कड पावसाने खाल्लेली. हेमांगीने गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. जयसिंगने चाकाखाली दगड सरकवला. ती सरांच्या पाठीकडे क्षणभर पाहत राहिली. मग दार उघडून स्वतः खाली उतरली.

त्या संपूर्ण प्रवासात अवघड जागी गाडीतून उतरण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. तिने वाकून बाहेरचे चाक पाहिले. कडेची माती हाताने दाबली, तेव्हा तिचे ढेकूळ सुटून खाली गेले. मग तिने आतला खडक पाहिला. तो पक्का होता. तिने मनाशी ठरवले, की गाडी खरचटली तरी चालेल, पण मातीवर भरवसा ठेवायचा नाही. बाजूचा आरसा तिने मिटला, जयसिंगला काय करणार ते सांगितले, गाडी थोडी मागे घेतली आणि खडकाला घासत, पत्र्याचा कर्कश आवाज करीत, पण एका सलग वेगाने तिने ते वळण पार केले.

पलीकडे आल्यावर तिच्या लक्षात आले, की गाडी थांबली तेव्हा सरही थांबले होते. इंजिनाचा आवाज पुन्हा चढला तेव्हाच त्यांनी पाऊल उचलले. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिची गाडी जरा जरी घसरली असती, तरी चाकांखाली प्रथम सर आले असते. बाजूला व्हायला त्या वाटेवर जागाच नव्हती.

त्यानंतरचा उतार तिने रागाने उतरला नाही. वाट पाहत, चाक जोखत, हळूहळू उतरला. सरांची पाठ समोर होती, पण आता ती तिकडे पाहत नव्हती.

दुपार कलता कलता ते गावात पोहोचले. दवाखान्यात यशोधनला प्राणवायू लावला गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की तुम्ही वेळेत आणलेत. संध्याकाळपर्यंत त्याच्या ओठांना रंग आला आणि त्याने मंजिरीला विचारले, की माझ्या गाडीला कुठे घासले. ते ऐकून मंजिरी पहिल्यांदा रडली.

हेमांगी बाहेर आली. दवाखान्याच्या दगडी कट्ट्यावर सर बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"सर, तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. का?"

सरांनी हातातली काठी बाजूला ठेवली.

"हेमांगी, इतके दिवस तू रस्ता पाहून गाडी चालवत नव्हतीस. माझं तोंड पाहून चालवत होतीस. सोप्या वेळी ते खपून गेलं. आज सकाळी मी ती वाट पाहून आलो, तेव्हा मला भीती वाटली. खरीखुरी. पुढे चालतानाही माझे ओठ कापत होते. मी तुझ्याकडे तोंड केलं असतं, तर माझ्या खुणेच्या आधी माझी भीती तुझ्यापर्यंत पोहोचली असती आणि तू तिच्या तालावर गाडी हाकली असतीस. मी तुला बरंच शिकवलं असेन, पण माझी भीती मला तुला द्यायची नव्हती."

"पण गाडी घसरली असती तर? तुम्ही अगदी समोर होतात."

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "ज्याच्या हातांची खात्री नाही, त्याच्याकडे माणूस उतारावर पाठ करत नाही. तरुणपणी या डोंगरांत मी पुष्कळ जणांबरोबर गाड्या उतरवल्या, पण असा कोणाच्याच पुढे चाललो नाही. आज मला फार अभिमान वाटला. तुला घडवल्याचा नव्हे, तू तुझी घडलीस. तुला ओळखल्याचा."

सकाळपासून जो राग, जी भीती हेमांगीने छातीत दाबून धरली होती, ती आता शांतपणे खाली बसली, आणि त्या जागी एक ताठ, स्वच्छ असे काही उभे राहिले. गुरूने पाठ फिरवली म्हणजे साथ सोडली, असे आपल्याला वाटते. कधी कधी तीच त्याची सर्वांत मोठी शाबासकी असते.

यशोधन सावरल्यावर त्यांनी उरलेली मोहीम मोडली नाही, फक्त उंची सोडली आणि खालच्या खोऱ्यांतून ती पूर्ण केली. पण त्यापूर्वी, गाव सोडायच्या सकाळी, खरचटलेल्या जीपभोवती गावकरी जमले होते. त्या वाटेने गाडी उतरलेली त्यांच्यातल्या तरुणांनी कधी पाहिली नव्हती. एका म्हाताऱ्याने वरच्या डोंगराकडे बोट दाखवीत विचारले, की गाडी खाली कोणी आणली. साहजिकच त्याची नजर पांढऱ्या केसांच्या सरांकडे गेली.

"मी आणली," हेमांगी म्हणाली.

हे सांगताना तिने सरांकडे पाहिले नाही. सर मात्र तिच्याकडेच पाहत होते, अगदी समोर तोंड करून. आता त्यांच्या चेहऱ्यावर लपवावे असे काही उरले नव्हते.